सहा शेजारी

मथुराबाई गेल्याचा निरोप घेऊन त्यांची धाकटी जाऊ शाळेत आली, तेव्हा मी नववीच्या मुलींना परीक्षानळी तापवताना तिचं तोंड कोणाकडे करू नये ते सांगत होते. जाऊबाई दारातच थांबल्या. काखेत बिस्किटांचा चौकोनी पत्र्याचा डबा, वर फडकं बांधलेलं. "त्या गेल्या. परवा सकालीच," त्या म्हणाल्या. "ह्यो डबा शालेत नेऊन बाईंच्या हातात दे, असं चार दिस आदीच सांगून ठेवलेलं." मी डबा घेतला. आत काय आहे ते फडकं सोडायच्या आधीच मला कळलं, कारण डबा चांगला जड होता आणि तरी आतलं काही वाजत नव्हतं. इतकं घट्ट आणि नीट भरणारी बाई मी एकच पाहिली होती.

या गोष्टीला आता पाच आठवडे झाले. मासिकाच्या या पानावर एरवी थोरामोठ्यांच्या आठवणी येतात, आणि मथुराबाई तर पनवेलच्या आमच्या मुलींच्या शाळेतल्या शिपाईबाई. घंटा वाजवायची, पाणी भरायचं, प्रयोगशाळा झाडायची. तरी लिहायला बसले आहे, कारण मिठाचा खडा आतून कसा असतो हे मला त्यांनी शिकवलं, आणि ते मी बारा वर्षं कोणाला कळू दिलं नाही...

स्वातंत्र्यानंतर चारपाच वर्षांनी मी या शाळेत आले. मुंबईहून बी.एस्सी. होऊन आलेली, चोविशीची, नाकाच्या शेंड्यावर राग आणि त्याहून वर शहाणपण. प्रयोगशाळा म्हणजे पूर्वीची अडगळीची खोली. दोन लांब टेबलं, एक कपाट, तीन स्पिरिटचे दिवे, आणि दाराशी पाण्याचा माठ. माठाचं इथे काय काम, असं मी पहिल्याच दिवशी विचारलं. मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, म्हणाल्या की शाळेत हीच खोली सगळ्यात थंड. मग माठाबरोबर मथुराबाईही आल्या. त्यांचं स्टूल माठाशेजारी. मूळच्या त्या गव्हाणच्या. माहेर मिठागरातलं, सासरही मिठागरातलं. नवरा लग्नानंतर तिसऱ्या वर्षी पटकीने गेला, मूल नव्हतं, आणि ओळखीच्या कोणी तरी त्यांना शाळेत लावून दिलं. उरणच्या बाजूची एस.टी. पकडून सकाळी यायच्या, संध्याकाळी जायच्या. अक्षरओळख इतकीच की बाटल्यांवरची नावं आकारावरून लक्षात ठेवायच्या. बारा वर्षांत एकदाही चुकीची बाटली माझ्या हातात आली नाही. शिकलेल्या बाईंकडून मात्र दोनदा चूक झाली.

वर्ग चालू असताना शिपायाने तोंड उघडायचं नाही, हा मोठ्या बाईंचा नियम. मथुराबाईंनी तो मोडला नाही. पण माझं शिकवणं ऐकताना काही खटकलं, की त्या माठावरची पितळी ताटली जराशी उचलून पुन्हा ठेवायच्या. टिंग्. पाणी कोणालाच नको असायचं. एवढंच की मथुराबाईंना काही विचारायचं आहे. मुलींनाही ते महिनाभरात कळलं. ताटली वाजली की सगळी बाकं तोंडाला पदर लावून हसायची, आणि मी मागे वळूनही न बघता म्हणायची, "नंतर, मथुराबाई." हे 'नंतर' मी किती वेळा म्हटलं असेन, त्याचा हिशेब आता करवत नाही.

पण मथुराबाईंची जिज्ञासा भारी होती. प्रयोगशाळेच्या खिडकीत त्यांनी मिठाचे दोन खडे ठेवले होते, एक मोसमातल्या पहिल्या मिठाचा आणि एक अगदी शेवटच्या. हवा दमट झाली की शेवटचा खडा ओला व्हायचा, पहिला कोरडाच. मी मोठ्या ऐटीत सांगितलं की मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं. त्या म्हणाल्या, "मीठ नाय ओढत, बाई. मिठात जे कडू पानी राहतं, ते ओढतं. शेवटी शेवटी वाफ्यात ते कडू पानीच उरतं. ते येळेवर सोडून नाय दिलं तर सगलं मीठ बाद." मला ते खरं वाटेना. घरी जाऊन पुस्तक काढलं. मॅग्नेशियमचे क्षार, समुद्राच्या पाण्यातले, चवीला कडू, हवेतली ओल शोषणारे... दुसऱ्या दिवशी मी त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. त्यांनीही विचारलं नाही. आमच्या मैत्रीची सुरुवात अशी झाली.

मग सोडियमचा दिवस आला. रॉकेलच्या बाटलीतून मी वाटाण्याएवढा तुकडा काढला आणि पाण्याच्या परातीत टाकला. तो फुसफुसत, गरगरत पाण्यावर पळायला लागला, आणि शेवटी पिवळी ज्वाळा होऊन विझला. मुली किंचाळल्या. मी सांगितलं की हा सोडियम. आणि क्लोरीन नावाचा एक हिरवट विषारी वायू असतो, तो छातीत गेला तर माणूस दगावतो. हे दोघे एकत्र आले की होतं आपलं जेवणातलं मीठ. टिंग्! त्या दिवशी ताटली जोरात वाजली. तास संपल्यावर मथुराबाई परातीपाशी आल्या, वाकून पाण्याकडे बघत राहिल्या. "माज्या बानं जन्मभर हे फावड्यानं ओढलं? पेटलं कसं नाय?"

मी त्यांना बसवून सांगितलं. प्रत्येक अणूभोवती इलेक्ट्रॉन नावाचे बारीक कण असतात. सोडियमकडे बाहेरच्या बाजूला एक कण जास्तीचा, म्हणून तो असा अस्वस्थ. क्लोरीनकडे एक कमी, म्हणून तो वखवखलेला. सोडियम आपला कण देऊन टाकतो, क्लोरीन घेतो. देणाऱ्यावर धन भार येतो, घेणाऱ्यावर ऋण भार. विरुद्ध भारांची ओढ असते, म्हणून दोघं एकमेकांना धरून ठेवतात. पूर्वीचे ते दोघं उरतच नाहीत, स्वभावच बदलतो. मथुराबाईंनी हे सगळं कान देऊन ऐकलं. "आनि सारक्या भाराचे?" "ते एकमेकांना ढकलतात." "हां," म्हणाल्या, आणि घंटा द्यायला गेल्या.

वर्गात मी हेच जरा सजवून सांगत असे. सोडियमकडचं कन्यादान, क्लोरीनचं सून घरात घेणं, मग दोघांची जन्माची गाठ. एक सोडियम, एक क्लोरीन, एक जोडपं. मिठाच्या खड्यात अशी अब्जावधी जोडपी सुखाने नांदतात! हा माझा हुकमी पाठ. कॉलेजात आमच्या प्राध्यापकांनीही असाच सांगितला होता. माझं स्वतःचं लग्न ठरत नव्हतं, ते सोडा. पण मिठातली लग्नं मी धूमधडाक्यात लावत होते. आणि दर वेळी 'जोडपं' म्हटलं की मागून टिंग्.

एका दुपारी मधल्या सुट्टीत मथुराबाईंनी पदराच्या गाठीतून मिठाचा एक खडा काढला. पाण्यासारखा स्वच्छ, चांगला बोराएवढा. मिठागरातल्या एका कोपऱ्यात पाणी न हलवता राहू दिलं की असे खडे धरतात, म्हणाल्या. त्यांनी तो टेबलावर ठेवला, त्यावर चाकूची धार टेकवली आणि वरून बत्त्याने एक हलका टोला दिला. खडा सरळ दुभंगला, दोन्ही बाजू आरशासारख्या गुळगुळीत. अर्धा तुकडा फिरवून पुन्हा टोला. पुन्हा सरळ. तिसऱ्या बाजूने, तेच. भिंगातून बघितलं तर चुरासुद्धा चौकोनीच.

"आता सांगा, बाई. जोडपी असती तर जोडीतली दोगं एकमेकांना घट्ट धरून, आनि शेजारचा जरा ढिला. मग खडा एका बाजूनं सहज फुटला असता, दुसऱ्या बाजूनं नाय. ह्यो तर तिन्ही बाजूंनी सारकाच फुटतो. ह्याच्यात कोनाची जोडी कोनाशी?"

या प्रश्नासाठी विद्वानांनी केवढी यंत्रं लावली होती, आणि ही बाई चाकू-बत्ता घेऊन तिथेच पोचली होती. मी तेव्हा काय म्हटलं असेल? "नंतर, मथुराबाई. घंटा झाली." घंटा त्यांनीच द्यायची होती, आणि त्या समोर उभ्या होत्या.

त्याच वर्षी, म्हणजे माझ्या पहिल्याच वर्षी, जिल्ह्याचं शालेय विज्ञान प्रदर्शन अलिबागला भरायचं होतं. मी मिठाची प्रतिकृती करायला घेतली. लाल मणी सोडियम, पांढरे मणी क्लोरीन, एकेक लाल एकेका पांढऱ्याशी रेशमाच्या धाग्याने बांधलेला, आणि अशी शंभर जोडपी काचेच्या पेटीत टांगलेली. दिसायला देखणी. निघायच्या आदल्या दुपारी मथुराबाई हाच पत्र्याचा डबा घेऊन आल्या. झाकण उघडलं. आत सागरगोटे आणि रिठे. एक सागरगोटा, एक रिठा, पुन्हा सागरगोटा, अशी ओळ. शेजारची ओळ उलटी. वरचा थर त्याहून उलटा. कुठेच दोन सागरगोटे लागून नाहीत, दोन रिठे लागून नाहीत. धागा नाही, डिंक नाही.

"तुमीच सांगितलंत ना, सारके सारक्याला ढकलतात? म्हनून सारके शेजारी नाय ठेवले. बांधलं नाय कोनाला. कोनीच एकाचा नाय, सगले सगल्यांचे. हे न्या, बाई. मिठाच्या गावची मानसं तिकडं येतील. त्यांना तुमची जोडपी बगून हसू येईल."

नाकाला मिरच्या झोंबल्या म्हणतात ना, तसं झालं. तीन महिने खपून केलेली माझी पेटी, आणि या सागरगोट्यांना त्यापुढे ठेवायचं? मी म्हटलं, "मथुराबाई, तुम्ही मीठ ओढलंत. मी मीठ शिकले आहे." त्यांनी डब्याचं झाकण लावलं. डबा घरी घेऊन गेल्या.

आमच्या पेटीला पहिलं बक्षीस मिळालं. हसलं कोणीच नाही. तिथली माणसंही माझ्यासारखीच शिकलेली होती. प्रशस्तिपत्राला मोठ्या बाईंनी चौकट करवली आणि ते प्रयोगशाळेत माठाच्या वर लावलं. रोज सकाळी मथुराबाई स्टुलावर चढून त्याची काच पुसायच्या.

मे महिन्याच्या सुट्टीत मी मुंबईला आमच्या जुन्या कॉलेजच्या ग्रंथालयात बसले होते. सहज एक जाडं इंग्रजी पुस्तक उघडलं, आणि त्यात मथुराबाईंचा डबा! खरंच सांगते, चित्रात तोच डबा होता. मोठे गोळे, लहान गोळे, एकाआड एक, तिन्ही दिशांना. खाली लिहिलेलं की मिठाच्या स्फटिकात सोडियम आणि क्लोरीनची जोडी अशी नसतेच. प्रत्येक सोडियमला सहा क्लोरीन सारख्याच अंतरावर, प्रत्येक क्लोरीनला सहा सोडियम. पुढे, मागे, उजवीकडे, डावीकडे, वर, खाली. कोणता कोणाचा, हा प्रश्नच तिथे गैरलागू. मी पुस्तक मिटलं. मग पुन्हा उघडून बघितलं, जणू मधल्या वेळात ते बदलणार होतं.

जूनमध्ये शाळा सुरू झाली. सांगायला मला श्रावण उजाडला. एका शनिवारी शाळा सुटल्यावर म्हटलं, "मथुराबाई, तुमचं बरोबर होतं." मला वाटलं होतं, त्या हसतील, निदान 'बगा' तरी म्हणतील. त्यांनी झाडू भिंतीला टेकवला आणि विचारलं, "मग किती जन धरतात एकाला?" मी म्हटलं, सहा. त्यांनी आपल्याभोवती हात फिरवून मोजलं, पुढे, मागे, दोन्ही बाजू, डोक्यावर, पायाखाली. "सहा शेजारी," त्या म्हणाल्या, आणि चेहरा असा उजळला की मला माझीच लाज वाटली. "आनि पानी कसं सोडवतं यांना? एवडं धरलेलं असतं तर?" तासभर आम्ही त्यावरच बोलत होतो. पाण्याच्या कणाचं एक टोक थोडं धन, एक थोडं ऋण. असे पुष्कळ कण मिळून एकेकाला घेरतात आणि शेजाऱ्यांतून उचलून नेतात... जाताना मी म्हटलं, ते प्रशस्तिपत्र काढून ठेवू का? "ऱ्हाऊ द्या. त्याच्यामागं भिंतीला डाग हाय." मग दारातून वळून म्हणाल्या, "पन पोरींना सांगा."

सांगते म्हटलं, आणि सांगितलं नाही.

कारणं काय, पायलीला पन्नास होती. पाठ्यपुस्तकात जोडपंच होतं. परीक्षेत तेच लिहावं लागे, मुलींचे गुण गेले असते. कोणी पाहुणे आले की मोठ्या बाई ती काचेची पेटी कौतुकाने दाखवायच्या. ही सगळी कारणं खरी होती आणि त्यांतलं एकही खरं कारण नव्हतं. मुलींना सांगायचं तर हेही सांगावं लागलं असतं की चूक कोणाची आणि बरोबर कोण, आणि ती बरोबर असलेली बाई दाराशी स्टुलावर बसलेली. तेवढं माझ्याने होईना. वर्षाकाठी तो पाठ यायचा, मी लग्न लावायची. मागून ताटलीही आता वाजत नसे. तास संपल्यावर फक्त एक प्रश्न, "या साली सांगितलंत?" आणि माझं उत्तर, "पुढल्या वर्षी." त्या मान हलवायच्या, आणि फडकं घेऊन काच पुसायला लागायच्या. रागाचा शब्द नाही. रागावल्या असत्या तर मी बहुधा लवकर सुटले असते.

गेल्या वर्षी त्यांचं पोटाचं दुखणं बळावलं आणि शाळेत येणं थांबलं. या दिवाळीनंतर मी गव्हाणला त्यांना भेटायला गेले. ओटीवर गोधडीवर बसल्या होत्या, अगदी वाळलेल्या. डोळे मात्र तसेच. जावेने तांदळाची भाकरी आणि कालवण वाढलं. मी पहिला घास घेतला, तोच त्यांनी विचारलं, "सांगितलंत?"

त्या माउलीचं दुखणं बघून म्हणा, किंवा माझा भित्रेपणा म्हणा, मी म्हटलं, "हो. सांगितलं."

त्यांचा चेहरा पुन्हा श्रावणातल्या त्या शनिवारसारखा उजळला. त्या पुढे सरकल्या. "मग? पोरींनी काय विचारलं?"

मी घास हातात धरून बसून राहिले. काय विचारलं असतं मुलींनी? मला एकही प्रश्न सुचेना. मथुराबाई माझ्याकडे बघत होत्या, वाट बघत होत्या, आणि मग हळूहळू मागे भिंतीला टेकल्या. "म्हंजे नाय सांगितलं," त्या म्हणाल्या. "सांगितलं असतं तर पोरींनी कायतरी विचारलंच असतं." आणि जावेला हाक मारून त्यांनी माझ्या पानात आणखी कालवण वाढायला लावलं. खाल्ल्या मिठाला जागावं असं आपण म्हणतो. त्या दिवशी त्या घरचं मीठ माझ्या घशाखाली उतरत नव्हतं. तीच आमची शेवटची भेट.

डबा आला त्याच्या दुसऱ्या दिवशी नववीला मिठाचाच पाठ होता. योगायोग नाही, मी पुढचा पाठ अलीकडे ओढून घेतला. काचेची पेटी टेबलावर ठेवली आणि तिच्याशेजारी डबा. मुलींना म्हटलं, ही पेटी मी केली, हिला बक्षीस आहे, आणि ही चूक आहे. हा डबा मथुराबाईंनी केला, आणि हा बरोबर आहे. त्यांनी मला पुरावा दाखवला होता, मी मानला नाही. नंतर कळलं, तरी बारा वर्षं लपवलं. तुमच्या थोरल्या बहिणींना मी चुकीचं शिकवलं. परीक्षेत काय लिहायचं ते मी नंतर सांगेन. आधी खरं काय ते बघा. मग एकेका मुलीला पुढे बोलावून मधल्या एका रिठ्याचे शेजारी मोजायला लावले. सहा. सगळ्यांचे सहाच आले. मिठाचा खडा फोडून दाखवला, तोही सरळ फुटला.

"काही विचारायचंय?" मी म्हटलं. कोणी बोलेना. बाई रडवेल्या झालेल्या, मुली भेदरलेल्या. कोणीतरी काहीतरी विचारावं म्हणून मी जिवाच्या आकांताने एकेकीच्या तोंडाकडे बघत होते. दाराशी स्टूल रिकामं होतं. तेवढ्यात शेवटच्या बाकावरची, वर्षभरात तोंड न उघडलेली एक मुलगी उठली आणि पाणी प्यायला माठापाशी गेली. तिने ताटली उचलली. पाणी घेतलं नाही. माझ्याकडे बघितलं, आणि ताटली पुन्हा ठेवली.

टिंग्.

मी हातातला खडू खाली ठेवला. "विचार," म्हटलं. "आत्ताच विचार."

"बाई," ती म्हणाली, "मधल्यांना सहा शेजारी हायत. पन डब्याच्या कडेला जे बसलेत, त्यांना सहा कुटून? मग त्यांना कोन धरतं?"

मला उत्तर पुरतं येत नव्हतं. मी तसं सांगितलं, आणि तिचा प्रश्न तिच्याच शब्दांत फळ्यावर लिहून घेतला. तो अजून पुसलेला नाही. मथुराबाई, पोरींनी हे विचारलं.